एलपी रेकॉर्ड घरी कशी धुवावी: द्रावण, ब्रश आणि विसळणे

पुण्याच्या जुन्या बाजारातून किंवा मुंबईच्या चोर बाजारातून आणलेली एलपी घरी येताच टर्नटेबलवर ठेवून ऐकण्याचा मोह कोणालाही होतो. तो आवरावा. तबकडीच्या खाचेत साचलेल्या धुळीत रस्त्यावरची बारीक रेतीही असते, आणि दीड-दोन ग्रॅम भार घेऊन फिरणारी हिऱ्याची सुई ती रेती खाचेच्या भिंतींत दाबत जाते. सुईचे टोक तबकडीला काही मायक्रॉन एवढ्याच जागेत टेकत असल्यामुळे इतका कमी भारही त्या जागी प्रचंड दाब निर्माण करतो. अशी दाबली गेलेली खूण मग कोणत्याही द्रावणाने निघत नाही. म्हणून आधी तपासणी, मग धुणे आणि त्यानंतरच वाजवणे, हा क्रम मोडू नये.

येथे दिलेली पद्धत हाताने धुण्याची, यंत्राविना करता येणारी आहे. तिचे मर्म भांडी घासणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते: साबण मळ सुटा करतो, पण मळ प्रत्यक्षात जातो तो विसळताना. तबकडीच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच खरी ठरते, कारण खाचेत राहिलेले पाणी जागच्या जागी वाळले की पाणी तेवढे उडून जाते आणि त्यात विरघळलेले, तरंगणारे सारे काही खाचेच्या तळाशी बसते. हौशी मंडळींची बहुतेक चर्चा कोणते द्रावण उत्तम याच प्रश्नाभोवती फिरते. माझ्या मते द्रावण काढून कसे घ्यावे हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

आधी तबकडी कशाची आहे ते पाहावे

एलपी आणि ईपी (एलपीहून कमी गाण्यांच्या तबकड्या) विनाइलच्या, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकच्या असतात. ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या मात्र लाखेच्या असतात, आणि भारतात त्या १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत निघत होत्या. त्यामुळे आजोबांच्या कपाटातील नाट्यगीतांच्या आणि भावगीतांच्या तबकड्या बव्हंशी याच प्रकारात मोडतात. लाखेची तबकडी हातात जड लागते, वाकत नाही, पडली तर काचेसारखी फुटते, आणि तिच्या दोन्ही बाजू मिळून दोनच गाणी किंवा एकाच रागाचे दोन तुकडे असतात. दोन्ही प्रकारांत गल्लत करून चालणार नाही. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवून फ्रेंच पॉलिश तयार करतात हे अनेकांनी पाहिले असेल. लाखेच्या तबकडीवर अल्कोहोल टाकले तर नेमके तेच घडते आणि खाचा विरघळू लागतात. म्हणून पुढे जिथे जिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलचा उल्लेख येईल, तिथे तो केवळ विनाइलसाठी आहे असे समजावे.

आणखी काही अपवाद आहेत. ध्वनिमुद्रणाच्या वेळी थेट कोरलेल्या, अॅल्युमिनियमच्या चकतीवर काळ्या लॅकरचा (वार्निशसारखा) थर असलेल्या तबकड्या घरी ओल्या करूच नयेत. पाणी आत शिरले तर तो थर सुटून पोपडे निघतात. अमेरिकेत छापलेल्या ४५ आरपीएमच्या छोट्या तबकड्यांपैकी काही विनाइलच्या नसून पॉलिस्टायरीनच्या असतात. तिकडे राहणाऱ्या आणि तिथल्या जुन्या दुकानांतून खरेदी करणाऱ्या वाचकांनी अशा तबकड्यांनाही अल्कोहोल लावू नये.

कोणता आवाज मळाचा आणि कोणता झिजेचा

धुण्याकडून काय अपेक्षा ठेवावी हे आधी समजले तर पुढची निराशा टळते. तबकडी प्रखर दिव्याखाली तिरपी धरून पाहावी. बोटांचे ठसे, राखाडी धूळ, बुरशीचे पांढरट ठिपके आणि वाळलेल्या पाण्याचे डाग हे सारे धुतल्यावर जाते. नखाला लागणारा चरा जात नाही. ३३⅓ आरपीएमच्या तबकडीला एक फेरा पूर्ण करण्यास १.८ सेकंद लागतात, त्यामुळे ठरावीक १.८ सेकंदांनी येणारी टिकटिक ही आडव्या चऱ्याची खूण समजावी. मळामुळे येणारी चरचर अनियमित असते, चणे-फुटाणे तडतडावेत तशी. तिसरा प्रकार सर्वांत वाईट: गायिकेचा तारसप्तकातील स्वर लागताच किंवा शहनाई टिपेला पोहोचताच आवाज फाटतो आणि इतर वेळी बरा असतो. हा मळ नसून झीज आहे. जाड सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) आणि वर्षानुवर्षे न बदललेली सुई असलेल्या सुटकेसवजा प्लेयरवर ज्या तबकड्या वाजल्या, त्यांच्यात ती सर्रास आढळते. चाणाक्ष विक्रेते अशी तबकडी तेल लावून चकाकवून ठेवतात, तेव्हा चकाकीवर भाळू नये.

एक गोष्ट अनुभवाने सांगतो. चित्रपटगीतांच्या वाद्यमेळात बरीचशी चरचर दडून जाते. ख्यालाच्या एलपीच्या सुरुवातीला, जिथे केवळ तानपुरा आणि संथ आलाप असतो, तिथे ती लपत नाही. धुण्याचा उपयोग झाला की नाही हे पडताळायचे असेल तर अशीच एखादी तबकडी निवडावी.

पाणी

नळाचे पाणी स्वच्छ दिसते, पण त्यात क्षार असतात. समजा, पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) प्रतिलिटर ३०० मिलिग्रॅम आहे आणि तबकडीच्या एका बाजूवर ५ मिलिलिटर पाणी वाळू दिले, तर दीड मिलिग्रॅम क्षार तिथेच उरतात. आकडा लहान वाटतो, पण हे क्षार सारखे पसरत नाहीत. पाणी आटत आटत खाचेच्या तळाकडे सरकते आणि तिथे त्यांचे कण तयार होतात. एलपीची खाच वरच्या बाजूला साधारण ५०-६० मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षा काहीशी अरुंद असते. इतक्या चिंचोळ्या जागेत असा कण म्हणजे रस्त्यात पडलेला धोंडाच होय. बोअरच्या पाण्याचा टीडीएस तर याहूनही कितीतरी अधिक असू शकतो.

म्हणून द्रावणासाठी आणि शेवटच्या विसळण्यासाठी डिस्टिल्ड (वाफेपासून केलेले) किंवा डीआयोनाइज्ड (क्षार काढून टाकलेले) पाणीच घ्यावे. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळणारे पाणी बहुधा याच प्रकारचे असते, पण त्याचा दर्जा सारखा नसतो. पाण्याच्या फिल्टरच्या दुकानात मिळणारा पेनासारखा टीडीएस मीटर घ्यावा आणि प्रत्येक कॅन उघडल्यावर मोजून पाहावे. आकडा ५ पीपीएमच्या, म्हणजे प्रतिलिटर ५ मिलिग्रॅमच्या आत असावा. मीटर केवळ विरघळलेले क्षार सांगतो, तेल किंवा गाळ सांगत नाही, म्हणून पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडात पाहण्याचा जुना उपायही करावा. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी फुकट मिळते आणि त्याचा टीडीएसही कमी भरतो, परंतु ते एसीच्या आतील धूळ, शेवाळ आणि बुरशी यांना स्पर्शून आलेले असते. ते तबकडीसाठी वापरू नये. आरओचे पाणी पहिल्या ढोबळ धुण्याला चालेल, शेवटच्या विसळण्याला नाही.

द्रावण

निव्वळ पाण्याचा पृष्ठताण अधिक, म्हणजे सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रतिमीटर असतो. त्यामुळे ते विनाइलवर थेंबाथेंबांनी उभे राहते आणि खाचेच्या तळापर्यंत उतरत नाही. हा ताण निम्म्याहून खाली आणण्यासाठी त्यात अत्यल्प प्रमाणात सर्फॅक्टंट (साबणासारखे पृष्ठताण कमी करणारे द्रव्य) मिसळावा लागतो, आणि तो नॉन-आयॉनिक (पाण्यात विद्युतभार न घेणारा), बिनवासाचा व बिनरंगाचा असावा. टर्जिटॉल १५-एस-९ हा या कामासाठी जगभर वापरला जाणारा सर्फॅक्टंट आहे. आपल्याकडे प्रयोगशाळांना रसायने पुरवणाऱ्या दुकानांत ट्रायटन एक्स-१०० अधिक सहज मिळतो. तोही उत्तम काम करतो, पण त्याच्या विघटनातून निघणारे द्रव्य जलचरांना घातक असल्यामुळे युरोपीय संघाने त्याच्या वापरावर निर्बंध घातले आहेत. दोन्ही मिळत असतील तर टर्जिटॉल घ्यावा. फिल्मच्या कॅमेऱ्याच्या काळातील छायाचित्रकारांना ठाऊक असलेला फोटो-फ्लोही पुष्कळ जण वापरतात. मात्र त्यात ग्लायकॉल असल्यामुळे त्यानंतर अधिक काळजीपूर्वक विसळावे लागते.

प्रमाण ०.०५ टक्के पुरे, म्हणजे एक लिटर पाण्यात अर्धा मिलिलिटर. हा सर्फॅक्टंट मधासारखा दाट असल्याने अर्धा मिलिलिटर अचूक मोजणे अवघड जाते. त्यासाठी आधी ५ मिलिलिटर सर्फॅक्टंट ९५ मिलिलिटर कोमट डिस्टिल्ड पाण्यात टाकावा आणि झाकून रात्रभर ठेवावा. सुरुवातीला त्याच्या जेलीसारख्या गाठी होतात, त्या सकाळपर्यंत विरघळतात. जोराने हलवले तर फक्त फेस होतो. हे झाले मूळ द्रावण. त्यातील १० मिलिलिटर बिनसुईच्या सिरिंजने मोजून एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात मिसळले की वापरायचे द्रावण तयार होते. दाट सर्फॅक्टंट हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरावा, कारण तो डोळ्यांना अपायकारक आहे. तयार द्रावणाच्या बाटलीवर नाव आणि तारीख लिहावी. महिन्याभरात संपेल एवढेच करावे आणि ते गढूळ किंवा बुळबुळीत झाले तर ओतून द्यावे.

आयसोप्रोपिल अल्कोहोल नेहमी लागत नाही. बोटांचे तेलकट ठसे, सिगारेटच्या धुराचा पिवळट थर किंवा बुरशी असेल तेव्हा विनाइलच्या तबकडीसाठी ९०० मिलिलिटर द्रावणात १०० मिलिलिटर शुद्ध आयसोप्रोपिल मिसळावे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि देवघरात निरांजन किंवा उदबत्ती जळत असेल तर त्या खोलीत हे काम करू नये. हाताला लावण्याचे सॅनिटायझर हा याला पर्याय नव्हे. त्यात त्वचेसाठी ग्लिसरीन घातलेले असते आणि ते खाचेत चिकटून राहते.

भांड्यांचा साबण का नको, असा प्रश्न हमखास येतो. मी पहिल्या वेळी तोच वापरला होता, नळाच्या पाण्यासह. तबकड्या आरशासारख्या दिसू लागल्या, आणि वाजवल्यावर तानपुऱ्याच्या मागे सतत एक बारीक फसफस ऐकू येऊ लागली, जी आधी नव्हती. सुगंध, रंग, दाटपणासाठी घातलेले मीठ आणि हातांच्या त्वचेसाठी घातलेली द्रव्ये हे सारे खाचेत राहिले होते. सुदैवाने डिस्टिल्ड पाण्याने दोनदा पुन्हा धुतल्यावर ती फसफस गेली. रिठ्याचेही तसेच. रिठ्यातील फेस देणारे द्रव्य सौम्य आणि नॉन-आयॉनिक असते हे खरे, आणि रेशमी साडीसाठी रिठा उत्तमच. पण घरी केलेल्या काढ्यात रंग, शर्करा आणि सालीचा बारीक चोथा उतरतो, आणि तो कितीही गाळला तरी मायक्रॉनच्या हिशेबात स्वच्छ होत नाही. लाकडाचा पांढरा गोंद ओतून तो वाळल्यावर सालासारखा सोलून काढण्याची करामतही काही जण करतात. विनाइलवर ती साधते, पण पापुद्रा पातळ राहिला तर तुकडे खाचेत अडकतात. लाखेच्या तबकडीवर तर गोंद लावण्याच्या भानगडीत पडूच नये.

साधने आणि जागा

फार काही लागत नाही. कोरड्या धुळीसाठी कार्बन फायबरचा ब्रश, ओल्या कामासाठी बकरीच्या केसांचे किंवा अतिशय मऊ नायलॉनचे दोन ब्रश (एक द्रावणाचा, दुसरा विसळण्याचा), चार-पाच नवी मायक्रोफायबर फडकी, फवारणीच्या दोन बाटल्या आणि तबकडी टेकवण्यासाठी सपाट बैठक. सुती पंचा किंवा जुने धोतर कितीही मऊ झाले असले तरी घेऊ नये, कारण त्याचे तंतू सुटतात. नवी फडकीही आधी साबणाविना दोनदा धुऊन, विसळून वाळवावीत, आणि ती धुताना फॅब्रिक सॉफ्टनर कधीही वापरू नये.

टर्नटेबलवरच तबकडी ठेवून ब्रश चालवू नये. दाबामुळे बेअरिंगवर ताण येतो आणि पाणी आत गेले तर दुरुस्तीचा खर्च होतो. मी जुना पोळपाट वापरतो. त्याच्यावर घडी केलेले फडके टाकले की त्याच्या कडेबाहेर तबकडीची किनार थोडी उरते आणि ती धरून तबकडी फिरवता येते. एक खबरदारी मात्र आवश्यक आहे. पहिली बाजू धुताना खालची न धुतलेली बाजू फडक्याला टेकलेली असते. तीच घडी ठेवून तबकडी उलटली तर धुतलेल्या बाजूला तो मळ लागतो. त्यासाठी न धुतलेल्या बाजूखाली एक आणि धुतलेल्या बाजूखाली दुसरे, अशी दोन वेगळ्या रंगांची फडकी ठेवावीत. आमच्या घरात याला सोवळ्या-ओवळ्याचा नियम म्हणतात.

लेबल कागदी असते आणि त्याचा व्यास सुमारे १० सेंटिमीटर असतो. एखादा थेंब पडल्याने बिघडत नाही, फक्त तो लगेच टिपावा. चोळला तर छपाई निघते. अनेक तबकड्या धुवायच्या असतील तर त्याच मापाची डब्याची दोन प्लास्टिकची झाकणे आणि रबराची वायसर घेऊन, मध्ये स्क्रू घालून लेबलाचे कवच घरीच करता येते.

प्रत्यक्ष धुणे

पंखा बंद करावा, हात साबणाने धुऊन कोरडे करावेत आणि तबकडी कडेला व लेबलाला धरूनच उचलावी. प्रथम कोरडा ब्रश खाचांच्या दिशेने, म्हणजे गोलाकार, दोन-तीन फेरे हलक्या हाताने फिरवावा आणि शेवटी धूळ कडेकडे सरकवत बाहेर उचलून घ्यावी. ही पायरी वगळली तर कोरडी धूळ द्रावणात भिजून तिचा चिखल होतो.

मग आठ-दहा मिलिलिटर द्रावण तबकडीवर लेबलापासून दोन बोटे अंतर ठेवून फवारावे आणि ब्रशने सर्वत्र पसरवावे. द्रावण सलग पातळ थरासारखे पसरले पाहिजे. कुठे ते मागे हटून कोरडी जागा दिसत असेल तर तिथे तेलकटपणा आहे असे समजून त्या जागी आणखी थोडे द्रावण द्यावे. ब्रशवर जोर देऊ नये. केसांची टोके खाचेत उतरली पाहिजेत, आणि जोर दिला की केस आडवे होऊन वरवर घासतात. पाच-सहा फेरे एका दिशेने, तेवढेच उलट दिशेने. मधून बाहेरच्या दिशेला आडवा ब्रश कधीही ओढू नये. यानंतर एक ते दोन मिनिटे द्रावण तसेच राहू द्यावे म्हणजे चिकटलेला मळ फुगून सुटा होतो. ते वाळू मात्र देऊ नये. एप्रिल-मेमध्ये नागपूर-अकोल्याकडे काम करत असाल तर मिनिटभरानंतरच आणखी एक फवारा लागेल.

आता या साऱ्या खटाटोपातील मुख्य भाग येतो. मळ द्रावणात उतरलेला आहे आणि त्याला द्रावणासकट उचलायचे आहे. कोरड्या फडक्याची सैलसर घडी तबकडीवर ठेवावी, तळव्याने हलके दाबावे, उचलावे आणि पुढच्या भागावर घडीची कोरडी बाजू ठेवावी. याला टिपणे म्हणतात, पुसणे नव्हे. पुसताना फडके मळ ढकलत नेते. टिपताना ते पाणी शोषून वर घेते. बहुतेक पाणी टिपले गेल्यावर घडी बदलून गोलाकार एक फेरा द्यावा. पहिल्या तबकडीनंतर फडक्यावर उमटलेला करडा-तपकिरी रंग पाहिला म्हणजे इतकी वर्षे सुई कशातून चालत होती ते कळते.

त्यानंतर विसळणे. दुसऱ्या बाटलीतून केवळ डिस्टिल्ड पाणी, या वेळी जरा सढळ हाताने, पंधरा-वीस मिलिलिटर घ्यावे. विसळण्याच्या ब्रशने दोन्ही दिशांना दोन-तीन फेरे द्यावेत आणि वेगळ्या कोरड्या फडक्याने पुन्हा तसेच टिपून घ्यावे. हे सर्व आणखी एकदा करावे. पहिल्या विसळणीत ब्रशखाली बारीक फेस दिसतो. दुसऱ्या विसळणीत तो दिसला नाही म्हणजे सर्फॅक्टंट निघाला. दिसला तर तिसऱ्यांदा विसळावे. दोन्ही बाजू धरून एका तबकडीला साधारण १०० ते १५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी लागते, म्हणजे पाच लिटरच्या कॅनमध्ये तीस ते पन्नास तबकड्या होतात. कंजुषी करण्याजोगा हा खर्च नाही.

टिपल्यानंतरही किंचित ओल राहते. तबकडी उभी ठेवून वाळवावी, आणि यासाठी स्वयंपाकघरातील ताटाळ्यासारखे सोयीचे साधन दुसरे नाही. मात्र तारांना सुती दोरा किंवा रबरी नळी गुंडाळावी आणि तबकडी फक्त बाहेरच्या गुळगुळीत किनारीवर टेकेल अशी ठेवावी. उन्हात, खिडकीच्या कठड्यावर किंवा केस वाळवण्याच्या ड्रायरसमोर ठेवणे म्हणजे तबकडी वाकवून घेणे. हिवाळ्यात अर्धा तास पुरतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात दोन तासही लागतात. ओल असताना पिशवीत घातलेली तबकडी पुढच्या श्रावणात बुरशी घेऊन बाहेर येते.

या कामात यंत्राची भर घालायची असेल तर पहिला पैसा तबकडीवरचे पाणी ओढून घेणाऱ्या व्हॅक्यूम यंत्रावर खर्च करावा, कारण ते नेमकी टिपण्याची पायरी सुधारते. अल्ट्रासॉनिक टाकी ध्वनिलहरींनी खोलवरचा मळ सोडवते, पण तिच्यातून काढलेली तबकडीही विसळावीच लागते, आणि टाकीतील पाणी काम करता करता तापत असल्याने ते ३५-४० अंश सेल्सियसच्या वर जाऊ न देण्याकडे लक्ष ठेवावे लागते.

बुरशी लागलेली तबकडी

बुरशी विनाइल खाऊन जगत नाही. ती बोटांचे तेल, धूळ आणि कागदी पिशवीचे तंतू यांच्यावर वाढते. पांढरी जाळी दिसली की तबकडी घराबाहेर, गच्चीत किंवा बाल्कनीत न्यावी, एन-९५ मास्क लावावा आणि कोरडा ब्रश न वापरता थेट अल्कोहोल मिसळलेले द्रावण लावावे, नाहीतर बीजाणू घरभर उडतात. या तबकडीसाठी द्रावण पाच मिनिटे ठेवावे (वाळू लागले की पुन्हा ओले करत) आणि धुणे व टिपणे दोनदा करून मग विसळावे. वापरलेली फडकी वेगळी, गरम पाण्यात धुवावीत. आतली जुनी पिशवी टाकून द्यावी. तिच्यावर गीतांचे शब्द किंवा छायाचित्रे असतील तर ती वाळवून प्लास्टिकमध्ये वेगळी ठेवावी. बुरशीने दीर्घकाळ ठाण मांडले असेल तर धुतल्यावरही त्या जागी हलकी चरचर उरते, आणि तिला इलाज नाही.

लाखेच्या तबकड्या

येथे अल्कोहोल नाही, भिजत ठेवणे नाही आणि रेंगाळणेही नाही. लाखेत दगडाची पूड आणि तंतू मिसळलेले असतात. पाणी फार वेळ राहिले तर ते फुगून पृष्ठभाग खडबडीत होतो. तडा किंवा कडेचा टवका असेल तर पाणी तिथूनच आत शिरते, म्हणून तो भाग कोरडाच ठेवावा. तेच ०.०५ टक्क्यांचे द्रावण ब्रशवर घ्यावे, तबकडीवर ओतू नये. चार-पाच फेरे देऊन लगेच टिपावे, एकदा डिस्टिल्ड पाण्याने विसळावे आणि पुन्हा लगेच टिपावे. एक बाजू दोन-तीन मिनिटांत संपली पाहिजे. या तबकड्यांच्या खाचेत पोलादी सुयांचा कीस असतो. चावीच्या ग्रामोफोनवर प्रत्येक बाजूला नवी सुई लावायची असे, कारण तबकडीच सुईला झिजवत असे. झिजलेल्या पोलादाचा तो करडा-तांबूस गाळ फडक्यावर आला की घाबरण्याचे कारण नाही. लाखेची तबकडी वाळल्यावर आम्लरहित कागदी पिशवीत ठेवावी.

वाळल्यानंतर

धुतलेली तबकडी जुन्या पिशवीत परत घालणे म्हणजे आंघोळ करून मळके कपडे चढवण्यासारखे आहे. एलपीसाठी एचडीपीई या प्लास्टिकच्या नव्या पिशव्या घ्याव्यात. जाड, मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या तबकडीला चिकटून तिच्यावर धुरकट थर आणतात, तो धुऊनही जात नाही. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, एकमेकींवर आडव्या रचू नयेत.

पहिल्यांदा वाजवल्यानंतर सुई भिंगाखाली पाहावी. टोकावर राखाडी पुंजका जमला असेल तर सुटा झालेला मळ पूर्णपणे उचलला गेला नाही असा त्याचा अर्थ होतो. सुई मागून पुढे ब्रशने साफ करावी आणि तबकडी फक्त विसळण्यापासून पुन्हा धुवावी, द्रावणाची गरज नसते. ओली तबकडी वाजवण्याची जुनी युक्ती कोणी सुचवली तर मानू नये, कारण सुईने मळवून खाचेत लिंपलेला तो लगदा वाळल्यावर पहिल्यापेक्षा अधिक आवाज करतो. एकदा नीट धुतलेल्या तबकडीला पुढे वर्षानुवर्षे कोरडा ब्रशच पुरतो. नव्या पिशवीच्या कोपऱ्यावर धुतल्याची तारीख आणि कोणते द्रावण वापरले ते पेन्सिलीने लिहून ठेवावे, आणि तेही तबकडी आत घालण्यापूर्वी.